इंदूरजवळच्या चोरलच्या रस्त्यावरून घेतलेली अळंबी कशी शिजवू? चांदीचा रुपया टाकला तर विष कळतं का?

रुपया आधी देव्हाऱ्यात परत ठेवा. चांदी काळी पडते ती गंधकाने, उकडलेल्या अंड्यानेही पडते. अमॅनिटा गटातल्या विषारी अळंबीचं विष चांदीला शिवतही नाही, आणि उकळून, तळून, वाळवूनही जात नाही. इंदूरच्या मराठी घरांत यावर एकच उत्तर मिळतं, "आजी असंच करायची." खायची अळंबी ज्यावर उगवते ते वारूळ आजीला ठाऊक होतं, म्हणून सगळे सुखरूप राहिले. त्यात रुपयाचं काही श्रेय नाही. "किड्यांनी खाल्लीय म्हणजे चांगलीच" हेही खोटं. गोगलगायी विषारी अळंबी खुशाल खातात.

बघायचं ते बूड. वारुळावरच्या अळंबीचा दांडा जमिनीत निमुळता होत मुळासारखा खोल, वाळवीच्या घरापर्यंत जातो. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. विषारी अमॅनिटाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं, आणि वरच्यावर कापली की ते मातीतच राहतं. म्हणून दांडे छाटून जुडी बांधलेली असेल, तर फुकट दिली तरी घेऊ नका. बंगल्यांच्या लॉनवर उगवणारी मोठी पांढरी छत्रीही सोडा. तिची टोपीखालची पाती पिकल्यावर हिरवट होतात आणि खाल्ल्यावर एक-दोन तासांतच उलट्या सुरू होतात.

एक टोपी पाती खाली करून कागदावर ठेवा, कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा. वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा दिसेल. वारुळावरचीचा फिकट गुलाबी, अमॅनिटाचा पांढरा, लॉनवालीचा हिरवट.

आता शिजवणं. भिजत घालू नका, पाणी पिऊन लिबलिबीत होते. माती सुरीने खरवडा, धारेखाली झटपट धुवा, हाताने उभी फाडा. अर्धा किलो असेल तर दोन वेळा करा. कढई भरली की अळंबी परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडते. लोखंडी कढईत मोठ्या आचेवर आधी कोरडीच टाका, सुटलेलं पाणी आटू द्या, मग दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, बारीक कांदा, हिरवी मिरची. मीठ शेवटी. एकूण वीस मिनिटं तरी शिजवा. गोडा मसाला नको, वास मारून टाकतो. सकाळी ठसा पाहिला की त्याच दिवशी संपवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून लवकर चिकट होते, तोवर कागदात किंवा टोपलीत ठेवा.

एक राहिलंच. गुलाबी ठसा एकटा पुरावा नव्हे, काही विषारी जातींचाही तो गुलाबीच येतो. बूड, उंचवटा आणि वारूळ, तिन्ही जुळली तरच खा. वारूळ तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर शिजवू नका. पहिल्यांदा खाताना थोडीच खा, एक अख्खी कच्ची अळंबी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये राखा. "रात्री खाल्ली, झोपेपर्यंत ठणठणीत" याला अर्थ नाही. अमॅनिटाचा त्रास साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तेव्हाच आतून यकृत बिघडत असतं. उशिरा उलट्या-जुलाब झाले, तर थांबल्यावरही घरी बसू नका. ती राखलेली अळंबी घेऊन थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.