तुरटी दुप्पट केली, तरी पाणी का निवळेना?

प्रश्न: आमची नळपाणी योजना सिंधुदुर्गात, नदीकाठी आहे. एरवी लिटरला 30 मिलिग्रॅम तुरटीत पाणी छान निवळते. जुलैत गढूळपणा वाढला म्हणून मात्रा 60 केली, तर पुंजके धरतच नाहीत. उलट, उंच टाकीत पांढरे कण दिसतात. कच्च्या पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) लिटरला 24 मिलिग्रॅम आली. तुरटी निकृष्ट असेल का?

उत्तर: तुरटीला दोष देण्याआधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. 1 मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. 60 मिलिग्रॅमला 30 लागणार आणि पाण्यात आहे 24. म्हणजे आम्ल शोषून घेणारे काही उरतच नाही आणि सामू (pH) 5 च्या खाली घसरतो. तुरटीचे काम साधारण 6 ते 7.5 सामूमध्ये नीट चालते. त्याखाली ॲल्युमिनियम विरघळलेलेच राहते, पुंजका होत नाही आणि ते फिल्टरमधून सरळ पुढे जाते. पुढे ब्लीचिंग पावडरमधला चुना आणि टाकीचे सिमेंट सामू वर नेतात, तेव्हा हे विरघळलेले ॲल्युमिनियम घन कणांच्या रूपात वेगळे होते. तुमचे पांढरे कण बहुधा हेच. पिण्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमची अनुज्ञेय मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ही बाब केवळ दिसण्यापुरती नाही.

नुसते थांबून हे पाणी का निवळत नाही, तेही पाहू. 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खोली दोन मिनिटांत उतरतो. 1 मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतराला बारा-तेरा दिवस लागतात, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. त्याहून बारीक कलिल कण तर बसतच नाहीत. शिवाय त्या सर्वांवर ऋण भार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. ॲल्युमिनियमची धन भाराची संयुगे तो भार उतरवतात आणि मग कण चिकटू लागतात. मात्रा जास्त झाली तर कणांवर धन भार चढतो आणि ते पुन्हा दूर राहतात. त्यामुळे ‘गढूळ जास्त, तर तुरटी जास्त’ हा नियम धरून चालू नका.

रोज सकाळी, आणि पूर आला की लगेच, जार टेस्ट करा. 10 ग्रॅम तुरटी विरघळवून 1 लिटर ताजे द्रावण बनवा. त्याचा 1 मिलिलिटर म्हणजे 10 मिलिग्रॅम. कच्च्या पाण्याच्या एकेक लिटरच्या सहा भांड्यांत 1 ते 6 मिलिलिटर घाला. मिनिटाला 100 फेऱ्यांनी एक मिनिट ढवळा, मग 30-40 फेऱ्यांनी 15 मिनिटे, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. पृष्ठभागाखालून दोन-तीन सेंटिमीटरवरचे पाणी काढून गढूळपणा आणि सामू दोन्ही मोजा. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळले ती घ्या आणि दुसऱ्या फेरीत तीच कायम ठेवून विरवलेल्या चुन्याच्या मात्रा बदला. 1 मिलिग्रॅम तुरटीने खाल्लेली अल्कलिनिटी भरून काढायला सुमारे 0.37 मिलिग्रॅम चुना लागतो. तुमच्या पाण्यासाठी लिटरला 30 ते 40 मिलिग्रॅम तुरटी आणि 8 ते 12 मिलिग्रॅम चुना इथून सुरुवात करावी. 30 ची मात्रा ठरली तर दोन लाख लिटरला 6 किलो तुरटी होते.

चुना तुरटीच्या आधी, वेगळ्या जागी सोडा. एकाच टाकीत दोन्ही कालवले तर तुरटी तिथेच साका होऊन वाया जाते. तुरटीचे द्रावण पाणी जोरात उसळते तिथेच पडले पाहिजे, कारण भार उतरण्याची क्रिया सेकंदात उरकते. पॉली ॲल्युमिनियम क्लोराइडने सामू तुरटीइतका घसरत नाही, हाही पर्याय आहे. मात्र तुरटीच्या टाकीत ते ओतू नका, घट्ट चिकट साका होऊन पाइप तुंबतो.

प्रश्न: टँकरचे पाणी गढूळ येते. बादलीत तुरटीचा खडा किती वेळ फिरवावा?

उत्तर: वेळेवर जाऊ नका, तुरटी मोजून घाला. किराणा दुकानातला खडा पोटॅश तुरटीचा असतो. वजनाला वजन पाहता, योजनेवरच्या तुरटीच्या सुमारे दोन तृतीयांशच ॲल्युमिनियम त्यात असते. 10 ग्रॅम कुटून 1 लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ठेवा. 20 लिटरच्या बादलीला त्यातले 60 मिलिलिटर घालून पाहा. न निवळल्यास पुढच्या बादलीला 100. अर्धा मिनिट जोरात ढवळा, नंतर पाच-दहा मिनिटे अगदी सावकाश. हा सावकाश ढवळण्याचा भाग बहुतेक जण टाळतात आणि तिथेच बिघडते, कारण कण एकमेकांवर आदळल्याशिवाय पुंजके मोठे होत नाहीत, आणि जोरात ढवळले तर झालेले पुंजके फुटतात. तासाभराने वरचे पाणी नळीने काढा, तळाचे चार बोटे सोडा. क्लोरीन त्यानंतरच घाला, कारण गढूळ पाण्यात ते वाया जाते आणि मातीच्या आड जंतू वाचतात. अर्ध्या तासाने लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले पाहिजे.

प्रश्न: काळ्या मातीतल्या शेततळ्याचे पाणी महिना झाला तरी गढूळच आहे आणि ठिबक तुंबते. तुरटी टाकू का?

उत्तर: शेततळ्याला आधी जिप्सम करून पाहावे, त्याने सामू पडत नाही आणि मासे असतील तर तेही सुरक्षित राहतात. जिप्सममधल्या कॅल्शियमवर दुहेरी धन भार असतो आणि कण गोळा करण्याची ताकद भाराबरोबर फार झपाट्याने वाढते. (नदीचा गाळ खाडीत पोचताच बसू लागतो, तो खारट पाण्यातल्या अशाच धन भाराच्या आयनांमुळे.) पारदर्शक बाटल्यांत लिटरला 100, 200, 300 मिलिग्रॅम घालून दिवसभर ठेवा. 200 ला निवळले तर पाच लाख लिटरला 100 किलो लागेल. पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडा. 120 मेशचा फिल्टर साधारण 130 मायक्रॉनचेच कण अडवतो, चिकणमाती त्यातून सहज जाते. म्हणून पाणी निवळेपर्यंत ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट हे खत सोडू नका, नाहीतर मातीचे पुंजके नळीतच धरतील.