वाचकांचे प्रश्न : आशियाई बॅडमिंटनमधलं शटल, वारं आणि लाल कार्ड

2023 मध्ये सात्त्विक-चिराग यांनी ‘आशियाई सुवर्ण’ दोनदा जिंकल्याचं वाचलं. 2024 मध्ये मुलींनीही जिंकलं. ही एकच स्पर्धा आहे का?
– वाचक, कोल्हापूर

नाही, या तीन वेगवेगळ्या स्पर्धा आहेत. बातम्यांचे मथळे सगळ्यांनाच ‘आशियाई’ म्हणून मोकळे होतात, त्यामुळे हा घोळ होतो. एप्रिल 2023 मध्ये दुबईला झाली ती आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे वैयक्तिक. ती दर वर्षी होते (कोविडमुळे 2020 आणि 2021 ही दोन वर्षं गेली). तिथे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईच्या चिराग शेट्टीने अंतिम सामन्यात मलेशियाच्या ओंग यू सिन-तिओ ई यी जोडीला 16-21, 21-17, 21-19 असं हरवलं. या स्पर्धेतलं त्याआधीचं भारतीय सुवर्ण दिनेश खन्ना यांचं, 1965 चं, लखनौमधलं. मध्ये तब्बल 58 वर्षं गेली! त्याच ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला या जोडीने जिंकलं ते एशियाडचं पदक. तिथे बॅडमिंटन हा अनेक खेळांपैकी एक.

मुलींचं सुवर्ण सांघिक अजिंक्यपदाचं आहे, फेब्रुवारी 2024, मलेशियातलं शाह आलम. त्या स्पर्धेत एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी सामने असतात आणि आधी तीन जिंकेल तो संघ पुढे जातो. अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध सिंधू जिंकली, दुहेरीत त्रिसा-गायत्री ही जोडी जिंकली, मग दोन सामने गेले. 2-2 असताना 17 वर्षांच्या अनमोल खर्बने शेवटची एकेरी 21-14, 21-9 अशी काढली. सांघिक स्पर्धेत संघाची खरी परीक्षा तिसऱ्या क्रमांकाच्या एकेरीत होते, ती अशी.

उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य का?
– वाचक, नाशिक

कारण वैयक्तिक स्पर्धेत तिसऱ्या जागेसाठी सामनाच ठेवत नाहीत. ऑलिंपिकमध्ये ठेवतात, म्हणून गोंधळ होतो.

सामन्यापूर्वी खेळाडू मागच्या रेषेवरून शटल खालून वर मारून बघतात. ते नेमकं काय तपासतात? आमच्या हॉलमध्ये हे करता येईल का?
– वाचक, ठाणे

जरूर करा, आणि अंदाजाने नाही, नियमाप्रमाणे. मागच्या रेषेवर उभं राहून, शटल त्या रेषेच्या वर असताना, खालून पूर्ण ताकदीचा फटका मारायचा. दिशा वरची आणि बाजूच्या रेषेला समांतर. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटर या पट्ट्यात शटल पडलं तर वेग बरोबर. टेप घेऊन बसायची गरज नाही. दुहेरीची लांब सर्व्हिस रेषा मागच्या रेषेपासून 76 सेंटिमीटरवर असते, म्हणजे या पट्ट्याच्या बरोबर मध्ये. त्या रेषेच्या एक वीत अलीकडे किंवा एक वीत पलीकडे शटल पडायला हवं.

आता चुका कुठे होतात ते. पहिली म्हणजे एकाच बाजूने मारून निकाल देणं. दोन्ही टोकांकडून मारा. एकीकडून लांब आणि दुसरीकडून तोकडं पडत असेल तर शटल ठीक आहे, हॉलमधल्या हवेचा प्रवाह त्रास देतोय. दुसरी, नवशिक्याला मारायला लावणं. त्याचा फटका पूर्ण ताकदीचा नसतो आणि चांगलं शटल ‘हळू’ ठरतं. तिसरी, एसी गाडीतून आणलेला डबा लगेच उघडून मारणं. डबा अर्धा तास हॉलमध्ये राहू द्या.

डब्यावर 75 ते 79 असा आकडा असतो; आकडा जितका मोठा तितकं शटल वेगवान. काही कंपन्या त्याऐवजी 1 ते 5 लिहितात, तेव्हा 2 म्हणजे 76 आणि 3 म्हणजे 77 धरा. गरम हवा विरळ असते, शटल लांब जातं, म्हणून उन्हाळ्यात लहान आकडा घ्यायचा. मुंबई-ठाण्यात बहुतेक वर्षभर 76 चालतं. नाशिकला डिसेंबरच्या रात्री खेळणाऱ्यांनी 77 मागवून बघावं.

पिसांची टोकं बाहेर वाकवली की शटल हळू होतं आणि आत वाकवली की वेगवान. सरावात हे चालेल, पण स्पर्धेच्या सामन्यात मुद्दाम शटल बिघडवणं हे गैरवर्तन ठरतं. आणखी एक घरगुती काम: कोरड्या हवेत, विदर्भात तर मार्च लागला की, पिसं कडक होऊन दुसऱ्या-तिसऱ्या स्मॅशलाच मोडतात. आदल्या रात्री डब्याचं पिसांकडचं तोंड उकळत्या पाण्याच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरा, झाकण लावा आणि ठेवून द्या. बूच ओलं होता कामा नये. जास्त वाफ दिली तर शटल जड होऊन लांब जायला लागतं, म्हणून आधी एका डब्यावर करून बघा.

मुलगी पहिला गेम आरामात जिंकते, बाजू बदलली की तिच्या लिफ्ट सारख्या बाहेर जातात. मोठ्या स्पर्धांतही असं होतं का?
– वाचक, नागपूर

होतं, आणि मोठ्या हॉलमध्ये जास्त. प्रेक्षकांसाठी चालू केलेल्या एसीची हवा कोर्टवर एका दिशेने वाहते. वारं पाठीमागून असेल तर स्मॅश जोरदार बसतो, पण लिफ्ट (जाळीजवळून खालून वर मारलेला उंच फटका) आणि क्लिअर (डोक्यावरून मागच्या रेषेपर्यंत मारलेला उंच फटका) बाहेर जातात. वारं समोरून असेल तर पूर्ण ताकदीने मारलं तरी शटल आत राहतं, म्हणून पुष्कळ खेळाडूंना समोरून वारं असलेलीच बाजू आवडते. वाऱ्याच्या बाजूने खेळताना तिला मागची रेषा विसरायला सांगा आणि लक्ष्य दुहेरीची लांब सर्व्हिस रेषा ठेवा. मनगट तेवढंच ठेवून फटक्याची उंची वाढवायची, लांबी नाही.

टॉसचा हिशेबही शिकवा. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलते आणि तिसऱ्या गेममध्ये कुणीतरी 11 वर गेलं की पुन्हा बदलते. म्हणजे अवघड बाजू आधी घेतली तर तिसरा गेम अवघड बाजूने सुरू होतो, पण शेवट सोप्या बाजूने होतो. सरावाच्या फटक्यांत कोणती बाजू कशी वागते ते बघितल्याशिवाय बाजू निवडू नये. बघायचं राहिलं तर सर्व्हिस घ्यावी.

2022 मध्ये मनिलाला सिंधूला एका गुणाचा दंड झाला होता. नियम काय सांगतो?
– वाचक, सातारा

प्रसंग असा: आशियाई अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत जपानच्या अकाने यामागुचीविरुद्ध सिंधूने पहिला गेम 21-13 घेतला होता आणि दुसऱ्यात ती 14-11 पुढे होती. सर्व्हिसला वेळ लावते म्हणून अम्पायरने दंड केला आणि गुण समोरच्या खेळाडूला गेला. सिंधूचं म्हणणं होतं की समोरचीच तयार नव्हती. पुढचे दोन्ही गेम 19-21, 16-21 असे गेले.

नियमात ‘विनाकारण उशीर’ दोघांनाही लागू आहे: सर्व्हिस करणारा आणि घेणारा दोघे तयार झाले की कुणीही रेंगाळायचं नाही. पायरी अशी असते की आधी पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद. पुन्हा केलं तर लाल कार्ड, म्हणजे फॉल्ट आणि समोरच्याला गुण. काही महिन्यांनी आशियाई संघटनेच्या तांत्रिक समितीने सिंधूला पत्र पाठवून माफी मागितली आणि ती मानवी चूक होती असं कबूल केलं. निकाल अर्थातच तोच राहिला.

आपल्या पोरांसाठी यातून घेण्यासारखी एकच गोष्ट, आणि ती जिल्हा स्पर्धेतही लागते: हरकत पुढची सर्व्हिस होण्याआधीच घ्यायची. सर्व्हिस झाली की तो विषय संपला. आवाज न चढवता अम्पायरला रेफ्रींना, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य पंचांना, बोलवायची विनंती करा. समोरचा तयार नसेल तर सर्व्हिसचा पवित्रा घेऊ नका, अम्पायरकडे बघा. पवित्रा घेऊन थांबलात तर वेळ तुम्ही घालवताय असं दिसतं.

सर्व्हिस 1.15 मीटरच्या खाली असावी म्हणतात. घरी कसं तपासायचं?
– वाचक, पणजी

रॅकेट शटलला लागते त्या क्षणी पूर्ण शटल कोर्टच्या पृष्ठभागापासून 1.15 मीटरच्या खाली हवं. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. नुसतं बूच खाली असून पिसांची टोकं वर राहिली तर फॉल्ट. 2018 पूर्वी हे कमरेवर मोजत, त्यात उंच खेळाडूला फायदा व्हायचा.

दोन खुर्च्यांच्या पाठींना काठ्या बांधा आणि 1.15 मीटरवर सुतळी ताणा. सर्व्हिस करणाऱ्याने सुतळीच्या मागे उभं राहायचं आणि तुम्ही बाजूने, डोळे सुतळीच्या उंचीला आणून बघायचं. उभ्याने वरून बघितलं तर शटलची उंची नीट कळत नाही आणि निकाल चुकतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढलंत तर आणखी उत्तम, फक्त कॅमेराही त्याच उंचीला हवा. जाळी मध्यभागी 1.524 मीटर असते, म्हणजे शटलला किमान 37-38 सेंटिमीटर चढावं लागतं. बॅकहँड सर्व्हिसला मुलं उंचीसाठी मनगट वर उचलतात आणि तिथेच फॉल्ट होतो. शटल धरणारा हातच बेंबीच्या जरा खाली ठेवायची सवय लावा.