आर्किटेक्चर फेस्टिव्हलच्या आठवड्यात चेक आणि स्लोवाकियात काय पाहावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहात, सप्टेंबरअखेर व्हिएन्नाला येताय आणि पुढचे सहा-सात दिवस चेक-स्लोवाकियात काढायचे आहेत. त्याच सुमारास तिथे आर्किटेक्चरचा महोत्सव असतो असं ऐकलंय, पण चेक भाषा येत नाही. मग काय पाहायचं आणि काय सोडायचं?

प्रागला एक दिवस द्या आणि मुक्काम ब्रनोला टाका. मी ब्रनोत नोकरी करते, त्यामुळे थोडा पक्षपात आहेच. पण व्हिएन्नाहून ब्रनो रेल्वेने दीड तासावर आहे, ब्रातिस्लाव्हा तासाभरावर. प्रागला जाऊन परत खाली यायचं म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत जातो.

आधी महोत्सवाबद्दल. ऑक्टोबरचा पहिला सोमवार जागतिक वास्तुकला दिन, त्याच्या आगेमागे 'देन आर्किटेक्तुरी' (म्हणजे वास्तुकला दिन) हा महोत्सव भरतो. प्रागच्या 'क्रुह' नावाच्या संस्थेने २०११ मध्ये तो सुरू केला. एका मैदानात मांडव घालून भरणारा हा महोत्सव नाही. चेकमधल्या अनेक गावांत आणि स्लोवाकियातही स्थानिक मंडळी आपापल्या इमारती दाखवतात. कुणी आर्किटेक्ट असतो, कुणी इतिहासाचा अभ्यासक, कधी चक्क त्या घरात राहणारा माणूस. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, पण ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि चांगल्या फेऱ्या बघता बघता भरतात.

लोक इथे एक गोष्ट हमखास करतात. महोत्सवाचे दिवस प्रसिद्ध व्हिला बघण्यात घालवतात. त्या व्हिला वर्षभर तिकीट काढून बघता येतात! महोत्सवाचा उपयोग एरवी बंद असलेल्या दरवाजांसाठी करा: खासगी फ्लॅट, चालू कारखाना, जलशुद्धीकरण केंद्र, स्मशानभूमी, सरकारी कचेरी. माझ्या आठवणीतली सगळ्यात चांगली फेरी १९३० च्या दशकातल्या एका साध्या भाड्याच्या फ्लॅटची आहे. चेक माणसं आपल्यासारखीच चपला-बूट दाराबाहेर काढतात, त्यामुळे जिन्यात बुटांची रांग लागली होती आणि आम्ही सगळे मोज्यांवर आत. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या भिंतीत कपाट, त्याला दोन्ही बाजूंनी दारं. इकडून धुतलेली ताटं ठेवायची, तिकडून जेवायला घ्यायची. तिथे राहणाऱ्या आजींनी ते चार वेळा उघडून-मिटून दाखवलं. बिजागरी मूळचीच होती आणि जराही करकरली नाही. असं पुस्तकातल्या प्लॅनवरून कळत नाही.

आता ब्रनो. हे कापडगिरण्यांचं गाव, आणि गिरणीमालकांत जर्मन बोलणारी ज्यू कुटुंबं बरीच. १९१८ मध्ये चेकोस्लोवाकिया झाला, नव्या देशाला जुन्या साम्राज्याचा चेहरा नको होता, हाताशी पैसा होता आणि तरुण आर्किटेक्ट होते. त्यामुळे वीस वर्षांत इथे जे उभं राहिलं ते एवढ्याशा शहराला न शोभणारं आहे. तुगेंधात व्हिला तुम्ही अभ्यासक्रमात पाहिलाच असेल: आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोह, १९२९-३०, आणि २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. प्रत्यक्ष गेलात तर तळघरात वेळ घालवा. दिवाणखान्याच्या दोन अवाढव्य काचा बटण दाबलं की जमिनीत उतरतात, त्याची यंत्रं खाली आहेत. गरम-थंड हवेची यंत्रणा आणि फरचे कोट ठेवायची वेगळी खोलीही तिथेच. वर मोरोक्कोहून आणलेल्या ऑनिक्स दगडाची भिंत आहे. हिवाळ्यात सूर्य खाली आला की ती आतून पेटल्यासारखी लालसर होते. ऑक्टोबरमध्ये तो खेळ पुरता दिसेलच असं नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

घराचे मालक फ्रिट्झ आणि ग्रेटे तुगेंधात या घरात जेमतेम आठ वर्षं राहिले. नाझी येण्याआधी, १९३८ मध्ये, त्यांना देश सोडावा लागला. युद्धानंतर तिथे नृत्यशाळा चालली, मग पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांचं उपचार केंद्र आलं. मीसच्या त्या काचेसमोर मुलं व्यायाम करत असत. आणि २६ ऑगस्ट १९९२ ला याच व्हिलात चेक पंतप्रधान क्लाउस आणि स्लोवाक पंतप्रधान मेचियार यांनी चेकोस्लोवाकियाची वाटणी पक्की केली. तुम्ही दोन्ही देश एकाच फेरीत बघणार आहात, म्हणून हे सांगितलं.

तिकीट नाही मिळालं तर उतारावर खाली ल्योव-बेअर व्हिला आहे, ग्रेटेच्या आईवडिलांचं घर. दोन्ही बागा एकमेकींना लागून आहेत आणि खालून तुगेंधातची काचेची बाजू छान दिसते. मला विचाराल तर घर खालूनच कळतं. रस्त्याच्या बाजूने ते इतकं बसकं आहे की ओळखू येत नाही.

गावात आर्किटेक्ट बोहुस्लाव फुक्सचं हॉटेल आव्हिओन (१९२८) पाहा. प्लॉट जेमतेम साडेआठ मीटर रुंद. मुंबईतल्या गल्लीत अशा प्लॉटवर आपण काय बांधतो ते आठवा आणि मग फुक्सने मजल्यांच्या मधोमध पोकळ्या ठेवून उजेड कसा खाली आणलाय ते बघा. आर्नोश्त विझनरची १९३० ची स्मशानभूमीही चुकवू नका. ती ट्रामने गाठता येते. ब्रनो आर्किटेक्चर मॅन्युअल नावाची मोफत वेबसाइट इंग्रजीतही आहे, भागवार वाटा आखून दिलेल्या आहेत. भाषेची निम्मी अडचण इथेच सुटते.

एक दिवस झ्लीनला काढाच. बाटा ही भारतीय कंपनी असं समजतच आपण सगळे मोठे झालो. जूनमध्ये शाळेचे काळे बूट तिथूनच यायचे. तर ते बाटा या गावचे. टॉमस बाटाने सगळं गाव एकाच मापावर बांधून घेतलं: ६.१५ बाय ६.१५ मीटरचा काँक्रीटचा सांगाडा आणि मधे लाल वीट किंवा काच. कारखाना तसाच, शाळा तशीच, हॉटेलही तसंच. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, चालायला लागलं की वाटत नाही. कामगारांच्या विटांच्या डब्यासारख्या घरांमध्ये झाडी भरपूर ठेवली आहे आणि कुंपणं जवळजवळ नाहीत. हाच नमुना त्यांनी कोलकात्याजवळ बाटानगरला नेला.

इथली २१ नंबरची इमारत म्हणजे कंपनीचं मुख्यालय. आर्किटेक्ट व्लादिमीर कारफीक, १९३८, १६ मजले, ७७.५ मीटर. कारफीकने ल कॉर्बुझिए आणि फ्रँक लॉइड राइट दोघांकडे काम केलं होतं. मालकाची केबिन लिफ्टमध्ये आहे. टेबल, टेलिफोन, एअर कंडिशनिंग आणि हात धुवायचं बेसिन असलेली खोलीच्या खोली वरखाली जाते. माणसांना वर बोलवायचं नाही, साहेबाने त्यांच्या मजल्यावर जायचं. बेसिनच्या नळाला पाणी कसं पोचवलं असेल यावर मी त्या दिवशी मार्गदर्शकाचं डोकं खाल्लं. टॉमस १९३२ मध्ये विमान अपघातात गेला, आणि त्याचा सावत्र भाऊ यान अंतोनीनने ही इमारत बांधून घेतली. पण १९३९ मध्ये तोही देश सोडून गेला, त्यामुळे ती केबिन फारशी वापरात आलीच नाही. आता तिथे सरकारी कचेऱ्या आहेत, म्हणून कामाच्या दिवशी जा. न थांबणारी, बिनदाराची पॅटर्नोस्टर लिफ्टही बघायला मिळेल. पाय ठेवायचा क्षण चुकला तर पुढच्या कप्प्याची वाट बघायची, मध्येच धडपडायचं नाही. जवळच आर्किटेक्ट गाहुराने बांधलेलं टॉमसचं स्मारक आहे. सांगाडा तोच कारखान्याचा, पण विटा काढून नुसती काच.

बाटानगरशिवाय आणखी एक धागा: पाँडिचेरीचं गोलकोंद, म्हणजे श्रीअरविंद आश्रमाचं वसतिगृह, तुम्ही पाहिलं असेल किंवा पाहाल. त्याचा आर्किटेक्ट अंतोनीन रेमंड प्रागजवळच्या क्लाद्नोचा, आणि बांधकामावर उभा राहिलेला फ्रांतिशेक सामेरही चेकच.

प्रागच्या एका दिवसात आर्किटेक्ट आडॉल्फ लोसची म्युलर व्हिला (१९३०) पाहा. जागा आधी ठरवून घ्यावी लागते, गट लहान असतात. बाहेरून पांढरा ठोकळा. आत बुटक्या, अरुंद वाटेने नेऊन एका वळणावर अचानक उंच दिवाणखान्यात सोडतात. हिरव्या शिरांचा संगमरवर, चार पायऱ्या वर जेवणाची खोली, त्याहून थोडी वर बाईसाहेबांची बैठक, आणि तिच्या छोट्या खिडकीतून खाली कोण आलंय ते दिसतं. आपल्या वाड्यातल्या माडीवरच्या झरोक्याचं कामही हेच. उरलेल्या वेळात गोचारचं क्यूबिस्ट (कोनाकोनांच्या शैलीतलं) 'ब्लॅक मॅडोना' घर (१९१२) आणि व्हिनोह्रादीमधलं प्लेचनिकचं चर्च. डान्सिंग हाउस ट्राममधून दिसलं तरी पुरे.

ब्रातिस्लाव्हा मात्र पक्कं धरा, आणि महोत्सवाच्या कार्यक्रमात तिथलं काही असेल तर तेच आधी निवडा. चेक बाजूला दोन युद्धांमधला काळ जपून ठेवलाय, स्लोवाकियात साठ-सत्तरच्या दशकांतलं काँक्रीट आणि पोलाद आहे, आणि त्याबद्दल लोक अजून भांडतात. स्लोवाक रेडिओची इमारत उलट्या पिरॅमिडसारखी. १९६७ ला सुरू झाली आणि १९८३ ला संपली. कुरूप इमारतींच्या याद्यांत ती नेहमी असते. पण बाहेरच्या कडेला कचेऱ्या आणि पोटात स्टुडिओ, म्हणजे रस्त्याचा आवाज आत पोचत नाही, हे कळलं की आकार खुळा वाटत नाही. राष्ट्रीय कलादालनात व्लादिमीर देदेचेकने जुन्या बराकींच्या अंगणावर पन्नासहून अधिक मीटरचा गाळा अधांतरी टाकलाय. दुरुस्तीनंतर ते २०२२ च्या डिसेंबरात उघडलं, आणि आतून बघायला वेळ ठेवा. डॅन्यूबवरचा एका खांबाचा पूल (१९७२) दिमाखदार आहे खरा, पण त्याच्या रस्त्यासाठी किल्ल्याखालची ज्यू वस्ती आणि सिनेगॉग पाडलं. पुलावरून पलीकडे पेत्रझाल्कापर्यंत चालत जा. तयार काँक्रीट पॅनेल जोडून बांधलेल्या इमारतींची इतकी मोठी वसाहत मध्य युरोपात क्वचितच सापडेल.

येश्तेदचा मनोरा (कारेल हुबाचेक, १९७३) मला फार आवडतो, पण तो लिबेरेकला, उत्तरेच्या टोकाला. तुमच्या वेळेत बसत नाही. सोडा.

भाषेचं म्हणाल तर फेऱ्या बहुतेक चेक किंवा स्लोवाकमध्ये असतात, इंग्रजी थोड्या. नोंदणी करताना आयोजकांना दोन ओळी इंग्रजीत लिहा की विद्यार्थी आहे, भारतातून येतोय. गटातलं कुणीतरी शेजारी उभं राहून भाषांतर करतं, असा माझा अनुभव आहे. २८ सप्टेंबरला चेकमध्ये सुट्टी, मोठी दुकानं बंद. चेकमध्ये कोरुना चालतो, स्लोवाकियात युरो. सगळ्यात आधी तुगेंधातचं तिकीट काढा, दोन-तीन महिने आधी संपतं. मग म्युलर. महोत्सवाचा कार्यक्रम नंतर जाहीर होतो, त्यासाठी शनिवार-रविवार मोकळे ठेवा.