माल परत नाही आणि पैसेही गेले!

प्रश्न: जुना कॅमेरा ऑनलाइन विकला, चालू होता, पॅक करताना स्वतः फोटो काढून बघितला. पंधरा दिवसांनी ग्राहक म्हणतो लेन्सवर बुरशी आहे, आणि साइटने मला न विचारता रिफंड देऊन टाकला. आता काय करू?

उत्तर: आधी त्याच्याशी फोनवर वाद घालणं बंद करा, जे काय बोलायचं ते साइटच्याच मेसेजमध्ये, कारण निकाल देणारा तेवढंच वाचतो. लगेच अपील टाका, त्याची मुदत फार थोडी असते. सोबत लेन्सचा जवळून काढलेला फोटो आणि सिरीयल नंबर जोडा, नुसती कुरिअरची पावती इथे कामाची नाही, ती ‘मिळालंच नाही’ म्हणणाऱ्यासाठी. आणि रिफंड द्यायचाच तर कॅमेरा परत आल्यावर, हे ठासून लिहा. परत आलेला खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, कधीकधी आत भलताच कॅमेरा निघतो हो! अपील जिंकलात तरी लगेच पार्टी नको, कार्डाने पैसे भरलेले असतील तर बँकेकडून चार्जबॅक (म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत ओढून घेणं) येऊ शकतो, त्याला बऱ्याचदा १२० दिवसांपर्यंत मुदत असते, तोवर फोटो डिलीट करू नका.