चार डॉलरसाठी आईने जीव धोक्यात घालावा का?

मार्च २०२१

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"सप्रेम नमस्कार. माझं वय ५७, आमच्या ह्यांचं ६६. मुलगा आणि सून इथे आहेत, त्यांनीच आम्हाला ग्रीन कार्डवर बोलावून घेतलं. हे एसटीतून निवृत्त झालेले, त्यांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी मी इथल्या एका मोठ्या साखळी दुकानात कॅश काउंटरवर लागले. आठवड्याला २४ तास, तासाला १५ डॉलर. अमरावतीला कधी घराबाहेर नोकरी केली नव्हती, त्यामुळे पहिला चेक हातात आला तेव्हा देवापुढे ठेवला होता.

जानेवारीत शहराने किराणा दुकानातल्या कामगारांना कोविडचा जोखीम भत्ता देणारा कायदा केला आणि आमचा पगार तासाला चार डॉलरनी वाढला. तेव्हापासून घरात रोज वाद आहे. मुलगा म्हणतो, आई, चार डॉलरसाठी जीव धोक्यात घालतेस का? उद्या राजीनामा दे, लागेल तेवढे मी देतो. हे काहीच बोलत नाहीत. माझी मावसबहीण जवळच्या आर्टेसियाला एका देशी दुकानात आहे, तिला दमडी वाढवून मिळाली नाही, म्हणून ती माझ्याशी नीट बोलत नाही. आमच्या शहरातली दोन दुकानं बंद होणार अशी बातमी आहे, आमचंही जाईल अशी भीती वाटते. त्यातच अमरावतीला पुन्हा लॉकडाउन लागला, माझी आई तिथे एकटी आहे. तिला दरमहा पैसे पाठवते ते माझ्या पगारातून. मुलाकडून आजीसाठी पैसे मागायला जीव धजत नाही. फेब्रुवारीपासून दुकानाने माझे तास २४चे १८ केलेत, म्हणजे धोका तसा कमीच झाला. मी काय करू?"

ताई, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी आणि जाता जाता लिहिलंत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. कागद-पेन्सिल घ्या. आधी २४ तास गुणिले १५, म्हणजे आठवड्याला ३६० डॉलर. आता १८ तास गुणिले १९, म्हणजे ३४२. चार डॉलर वाढून तुमच्या हातात आठवड्याला १८ डॉलर कमीच पडताहेत. ज्या चार डॉलरवरून घरात दोन महिने वाद चाललाय, ते तुमच्या घरात अजून आलेलेच नाहीत. मुलगा आईच्या काळजीने बोलतो यात मला शंका नाही. पण इतक्या दिवसांत आईची पे-स्टब, म्हणजे तास आणि पगाराचा हिशोब असलेली पावती, कुणी उघडून पाहिली नाही, हे मला लागलं.

तुमच्या शहराचा कायदा काय सांगतो ते पाहू. लाँग बीचच्या सिटी कौन्सिलने १९ जानेवारी २०२१ रोजी तो तातडीचा म्हणून मंजूर केला. देशभरात ३००हून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या आणि १५हून अधिक माणसं कामाला असलेल्या किराणा दुकानाला तो लागू आहे. अशा दुकानाने नेहमीच्या पगारावर तासाला चार डॉलर जास्त द्यायचे, निदान १२० दिवस. म्हणजे धरून चला १९ मेपर्यंत. त्याच कायद्यात आणखी एक अट आहे आणि तुमच्यासाठी तीच मोलाची आहे. हा कायदा आला म्हणून मालकाने कामगाराचा मोबदला कमी करायचा नाही आणि त्याच्या कमाईला कात्री लावायची नाही. हक्क मागितला म्हणून सूड उगवायलाही बंदी आहे.

तुमचे तास याच कारणाने कमी झाले की सणासुदीची गर्दी ओसरली म्हणून, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कारण विचारायचा अधिकार मात्र तुम्हाला आहे. नोव्हेंबरपासूनची सगळी वेळापत्रकं आणि पे-स्टब एकत्र करा. कोणत्या आठवड्यात किती तास मिळाले ते एका वहीत तारखेनिशी उतरवा. तुमच्यासोबतच्या आणखी कुणाचे तास घटलेत का, तेही विचारा. एकट्याचे घटले आणि सगळ्यांचे घटले यात फार फरक असतो. मग मॅनेजरला तोंडी न विचारता दोन ओळींचा ईमेल करा: माझे तास कधीपासून आणि कशामुळे कमी झाले ते कृपया लेखी कळवावं. दुकानात युनियन असेल तर हीच वही घेऊन स्टुअर्डकडे, म्हणजे दुकानातल्या युनियनच्या प्रतिनिधीकडे जा. तुमच्या भागातल्या मोठ्या किराणा दुकानांत यूएफसीडब्ल्यू या दुकान-कामगारांच्या युनियनची शाखा ३२४ काम करते. पे-स्टबवर तिची वर्गणी कापलेली दिसली, तर तुम्ही सभासद आहात आणि मदत मागणं तुमचा हक्क आहे.

हे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. नवीन आले तेव्हा मी न्यू जर्सीत एका दुकानात तासावर काम करत होते. आठवड्याला पाच-सहा तास हिशोबात कमी धरले जात. विचारायला मला दीड वर्ष लागलं. विचारलं तेव्हा माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. ते पैसे गेले ते गेलेच.

दुकानं बंद होण्याबद्दल. बातमी खरी आहे. क्रोगर कंपनीने फेब्रुवारीच्या सुरुवातीला लाँग बीचमधली आपली दोन दुकानं, एक राल्फ्स आणि एक फूड फोर लेस, १७ एप्रिलला बंद करू असं जाहीर केलं. ही दुकानं आधीपासूनच नीट चालत नव्हती आणि त्यात या वाढीव पगाराची भर पडली, असं कंपनीचं म्हणणं. सिअ‍ॅटलनेही असाच चार डॉलरचा कायदा केला, तिथेही याच कंपनीने आपली दोन दुकानं बंद करायचं ठरवलं. तिथल्या कामगारांचं नुकसान होणार आहे आणि ते मला लहान दाखवायचं नाही. पण हीच कंपनी साथीच्या सुरुवातीला तासाला दोन डॉलरचा 'हीरो बोनस' आपणहून देत होती आणि २०२०च्या मे महिन्यात तिने तो थांबवला. साथ मात्र मेमध्ये थांबली नाही, सगळ्यात वाईट हिवाळा त्यानंतर आला. कंपनीने दिलेलं कंपनी काढून घेते हे तेव्हा दिसलं, म्हणून शहरांना मध्ये पडावं लागलं. ओकलंडने पाच डॉलर ठरवले, सॅन होजेने तीन. दुकानदारांची संघटना तुमच्या शहराविरुद्ध न्यायालयात गेली, पण फेब्रुवारीच्या शेवटी न्यायाधीशांनी कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. तुमचं दुकान बंद होणाऱ्यांत नाही. त्या भीतीपोटी हक्काचे पैसे मागायचे थांबू नका.

तुमच्या ह्यांना हे एका उदाहरणाने पटेल. गेल्या वर्षी टाळेबंदीत मुंबई महापालिकेने कामावर येणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिवसाला ३०० रुपये भत्ता दिला. तिथे पालिका स्वतःच मालक होती. लाँग बीचमध्ये पालिकेने खाजगी मालकांना सांगितलं की तुम्ही द्या. एसटीत जन्म काढलेल्या माणसाला भत्ता म्हणजे काय हे मी सांगायला नको. भत्ता मागताना कुणी ओशाळत नाही. तुम्ही पत्रात एके ठिकाणी 'धोक्याचे पैसे घेताना अपराधी वाटतं' असं लिहिलंय, ते मनातून काढून टाका. शहरात सगळे दारं लावून बसले होते तेव्हा त्यांच्या घरी दूध-भाजी पोहोचली, ती तुमच्यासारख्यांनी काउंटर उघडा ठेवला म्हणून.

आता धोक्याचं बोलू. मुलाची भीती खोटी नाही. बॉस्टनमधल्या एका किराणा दुकानातल्या १०४ कामगारांची तपासणी झाली, त्याचा अभ्यास गेल्या वर्षी प्रसिद्ध झाला. पाचातल्या एकाला लागण झालेली निघाली, आणि गिऱ्हाइकांशी थेट संबंध येणाऱ्यांना ती होण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. बाधितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना कसलीच लक्षणं नव्हती. तुमच्या घरात मधुमेही माणूस आहे, म्हणून हा शेवटचा आकडा नीट लक्षात घ्या. पण ताई, चार डॉलरनी हा धोका एक कणही कमी होत नाही, आणि चार डॉलर नाकारूनही कमी होत नाही. पैसा हा झालेल्या कामाचा. धोक्यावर इलाज वेगळा आहे, आणि तो तुम्ही दोघांनी अजून केलेला नाही.

पत्रात खाली बारीक अक्षरात 'लशीसाठी अजून नाव नोंदवलं नाही' असं लिहिलंय. का नाही? अन्नधान्याच्या दुकानात काम करणाऱ्यांना तुमच्याकडे लस खुली आहे, ६५च्या वरच्यांनाही आहे. म्हणजे तुम्ही दोघंही आजच पात्र आहात. लाँग बीचचं आरोग्य खातं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खात्यापासून वेगळं आहे, तेव्हा शहराच्याच संकेतस्थळावर नाव घाला. पे-स्टब जवळ ठेवा, तुम्ही या कामात आहात याचा तो पुरावा. मुलाला खरोखर आईची काळजी असेल तर आज रात्री लॅपटॉप उघडून दोघांच्या वेळा मिळवून देणं, हे राजीनाम्यापेक्षा मोठं काम आहे.

लस घेण्यासाठी पगार बुडेल ही धास्तीही नको. १९ मार्चला कॅलिफोर्नियात नवा कायदा झाला. २५हून अधिक कामगार असलेल्या मालकाने कोविडसाठी ८० तासांपर्यंत पगारी रजा द्यायची. अर्धवेळ कामगाराला ती त्याच्या तासांच्या प्रमाणात मिळते. विलगीकरणासाठी ती आहेच, पण लस घ्यायला जाण्यासाठी आणि नंतर ताप किंवा अंगदुखी झाली तर त्यासाठीही आहे. २९ मार्चपासून मागता येईल आणि हिशोब १ जानेवारीपासूनचा धरला जाईल.

राजीनाम्याच्या आधी आणखी एक गोष्ट तपासा. ती तुमच्या मुलाच्याही डोक्यात आलेली दिसत नाही. या देशात नोंदलेल्या पगारावर सरकारदरबारी तुमच्या नावावर क्रेडिट, म्हणजे गुण, जमत जातात. अशी ४० क्रेडिट जमली की वयाच्या ६५व्या वर्षी मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा रुग्णालयाचा भाग हप्ता न भरता मिळतो, सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतनही लागू होतं. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट. २०२१ साली १,४७० डॉलर कमावले की एक, म्हणजे ५,८८० डॉलरला वर्षाची चारही. तुम्ही ५५व्या वर्षी कामाला लागलात. दहा वर्षं अशी भरली तर नेमक्या ६५व्या वर्षी चाळीस पूर्ण होतात. मुलगा महिन्याला कितीही पैसे देऊ दे, त्याच्या पैशातून तुमच्या नावावर एक क्रेडिट जमत नाही. आत्ताच्या पगारात यंदाची चारही मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमतील. जोखीम भत्ताही त्याच सुमाराला संपेल. घरच्यांना फारच धास्ती वाटत असेल, तर राजीनामा न देता मेनंतर काही आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. माझं मत विचाराल तर दोन्ही डोस झाल्यावर त्याचीही गरज पडू नये. आरोग्यविमा कव्हर्ड कॅलिफोर्निया या राज्याच्या विमा-योजनेतून घेतला असेल, तर उत्पन्न बदलल्यापासून ३० दिवसांत तिथे कळवा, नाहीतर हप्त्यात मिळालेल्या सवलतीची पुढच्या वर्षी करात परतफेड करावी लागू शकते.

मावसबहिणीचं राहिलं. तिचा राग तुमच्यावर नाही. तिच्या दुकानाला हा भत्ता लागू नाही, कारण आर्टेसिया हे शहरच वेगळं आणि तिचं दुकान लहान. पायोनियर बुलेवार्डवरची कितीतरी दुकानं घरचीच माणसं चालवतात, त्यांना चार डॉलर झेपणार नाहीत हे मला समजतं. पण तिला हातात रोख पैसे मिळतात असं तुम्ही लिहिलंय, ते मला जास्त खुपतं. रोखीचे पैसे कुठे नोंदले जात नसतील, तर तिच्या नावावर एकही क्रेडिट जमत नाही. दुकान कितीही लहान असो, कॅलिफोर्नियात यंदा २५पर्यंत कामगार असलेल्या मालकाला तासाला निदान १३ डॉलर द्यावेच लागतात, त्याहून मोठ्याला १४. कमी मिळत असतील तर राज्याच्या लेबर कमिशनरकडे दावा करता येतो, आणि व्हिसा-ग्रीन कार्डाची चौकशी तिथे होत नाही. मालक आपल्याच मंडळातले, गणपतीला भेटणारे, मग कसं बोलायचं, हा पेच मला ठाऊक आहे. आधी इतकंच मागू दे: पगार चेकने द्या आणि सोबत पे-स्टब द्या. जाताना तुम्ही तिच्यासोबत जा.

आर्टेसियाला शनिवारी गाड्या भरून भाजी-पीठ आणणाऱ्या वाचकांनाही विनंती आहे. काउंटरमागची बाई तुमच्या आईच्या वयाची असते. तिथे मास्क नाकाखाली ओढून फोनवर बोलत उभे राहू नका.

ताई, तुमच्या आईला पैसे पाठवायचे थांबवू नका आणि ते तुमच्याच खात्यातून पाठवा. या रविवारी जेवणं झाल्यावर मुलाला टेबलाशी बसवा. समोर नोव्हेंबरपासूनच्या पे-स्टब ठेवा आणि ३६० व ३४२ हा हिशोब त्यालाच मांडायला सांगा. मॅनेजरचा ईमेलही त्याच्याकडूनच लिहून घ्या, त्याचं इंग्रजी त्या कामी येऊ दे. ह्यांनाही शेजारी बसवा. एसटीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला हजेरीपुस्तक वाचता येतं, तास कुठे गळले ते आधी त्यांच्याच लक्षात येईल.