सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी योनीच्या जागी जळजळ थांबत नाही. अजून कुठली टेस्ट राहिली असेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष झालं जळजळ आहे, अंगावरून फारसं काही जात नाही, तीन डॉक्टर झाले आणि शेवटच्या मॅडमनी ‘मन रमवा’ असं सांगितलं. ते ‘मन रमवा’ वाचलं आणि तव्यावरची पोळी करपली. म्हणून सगळं आवरून रात्री साडेदहाला लिहायला बसले आहे. बसता येतंय, हेच माझ्यासाठी मोठं आहे.

मी ४१ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. माझ्या या दुखण्याला नाव मिळायलाच तीन वर्षं दोन महिने गेले. २०१९च्या गणपतीत गौरी जेवल्या आणि त्या रात्री खाज सुटली. दही फुटल्यासारखं जायला लागलं. ते पहिलं इन्फेक्शन खरंच बुरशीचं होतं, त्यात वाद नाही. फ्लुकोनाझोल १५०ची एक गोळी, आत ठेवायच्या सहा गोळ्या, आठवड्यात जाणं थांबलं. जळजळ तेवढी राहिली.

कशी जळजळ, ते सांगायला शब्द सापडायलाच वर्ष गेलं. मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागावा तशी, फक्त पाणी मारून न जाणारी. ॲक्टिव्हावर बसलं की जास्त, उभी राहिले की कमी. सकाळी बरं, संध्याकाळी कॅश जुळवायच्या वेळेला नको जीव. हळदीकुंकवाला मांडी घालून बसायचं म्हणून मी दोन संक्रांती ‘ऑडिट आहे’ असं सांगून चुकवल्या. आणि नवऱ्याजवळ जाणं बंद. ह्यांनी एका शब्दाने कधी टोचलं नाही, पण रात्री मीच भिंतीकडे तोंड करून पडायची.

पहिल्या डॉक्टरांनी तीच गोळी परत दिली. मग परत. मग आम्हा दोघांना. दुखणं आणि औषधं तारखेनिशी टिपायची माझी एक वही आहे, तीत पहिल्या वर्षात अकरा फ्लुकोनाझोल आहेत, आणि त्या अकरांपैकी एकदाही कुणी स्राव काचपट्टीवर घेऊन पाहिला नव्हता. दुसऱ्यांनी सोनोग्राफी, पॅप स्मिअर, लघवीचं कल्चर असं सगळं केलं, सगळं नॉर्मल. तिसऱ्यांनी विचारलं, “मिस्टरांशी संबंध कसे आहेत?” शेजारी सासूबाई बसलेल्या. चौथ्या म्हणाल्या, दुसरं मूल होऊ द्या, आपोआप जाईल. कसं होऊ द्यायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

लक्षणं ऐकून औषध देणं ही मुळात वाईट पद्धत नाही. सरकारी दवाखान्यात त्यासाठी रंगीत किटं असतात, अंगावरून जाण्याचं २ नंबरचं, हिरवं. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे बाईला आजच्या आज औषध मिळावं, हा त्यामागचा विचार आहे आणि तो बरोबर आहे. पण हे पहिल्या वेळेला. चौथ्या वेळेला तीच गोळी लिहिणाऱ्याने आधी दिवा लावून बघावं.

घरचे उपाय विचारलेत, तेही सांगते. थोरली बहीण म्हणाली उष्णता झाली आहे: सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, लोणचं बंद. त्याने बिघडत नाही, पोट छान राहतं. सासूबाईंचं म्हणणं, स्वच्छता कमी पडते. म्हणून बादलीत अँटिसेप्टिकचं झाकणभर, रोज दोनदा. याने बिघडतं. कातडी आधीच चिडलेली असताना तिच्यावर फरशी पुसायचं औषध ओतण्यातला प्रकार. आणि मेडिकलवाल्याने न विचारता दिलेलं ‘थ्री इन वन’ मलम! दहा दिवस स्वर्ग, मग पूर्वीपेक्षा दुप्पट आग. त्यात क्लोबेटासोल होतं, जबरदस्त ताकदीचं स्टेरॉइड. २०१८ साली सरकारने असली चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असं केलं. आमच्या चौकातल्या दुकानात ती बातमी अजून पोचलेली नाही.

आता भाऊजींबद्दल. माझे धाकटे दीर एमडी आहेत, मधुमेहाचे. माणूस चांगला, कोविडमध्ये जिवावर उदार होऊन काम केलं. २०२१च्या दिवाळीत आले होते, मी ओट्याशी उभी राहून जेवत होते. त्यांनी ते पाहिलं. जेवण झाल्यावर मायेनेच म्हणाले, “वहिनी, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना सगळे? मग हे मनाचं आहे. गोव्यात अडीच हजार बायकांचा अभ्यास झालाय, अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मानसिक ताणाशी जास्त निघाला.” आणि रात्री पीडीएफ पाठवली.

मी बी.कॉम., मराठी माध्यम. दोन रविवार डिक्शनरी घेऊन ती वाचली. अभ्यास खरा आहे, २००५-०६च्या सुमारास आलेला. पण त्यातून निघतं ते हे, की अंगावरून जातंय म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला अँटिबायोटिक देत सुटू नका, तिच्या घरात काय चाललंय तेही विचारा. तपासू नका असं त्यात कुठे म्हटलंय? आणि माझ्या अंगावरून काही जातच नव्हतं, मला आग होत होती.

मग मी गडचिरोली शोधून काढलं. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या? शंभरात आठ. भाऊजींना लिहिलं, तुमचं गोवा आणि माझं गडचिरोली. त्यांनी अंगठा पाठवला.

आमच्या काउंटरला संध्याकाळी पाचशेची नोट कमी भरली आणि कॉम्प्युटर टॅली दाखवत असला, तर मॅनेजर मला ‘नोट तुमच्या मनात कमी आहे’ असं म्हणत नाहीत. व्हाउचरं परत काढायला लावतात.

परत काढली ती कोल्हापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी, नोव्हेंबर २०२२. हो, त्वचेच्या डॉक्टर. त्यांनी आधी वही वाचली, मग नेहमीचे प्रश्न सोडून भलतेच विचारले: कुठला साबण, कुठले पॅड, कपडे कशात धुता, सायकल चालवता का. मग डोक्यावरचा दिवा खाली ओढला आणि माझ्या हातात आरसा दिला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एक बाळंतपण झालेली बाई, मी ती जागा पहिल्यांदा नीट पाहिली.

एक कागदाची पट्टी लावली, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवला. आम्लतेचा आकडा (पीएच) ४.५च्या आत, म्हणजे जिवाणूंचा बिघाड असण्याची शक्यता कमी. बुरशीत हा आकडा बहुधा नॉर्मलच राहतो, म्हणून स्राव काचपट्टीवर घेऊन तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि शिवाय बुरशीच्या कल्चरला पाठवला, जात कोणती ते कळावं म्हणून. कॅन्डिडाची ग्लाब्राटा नावाची एक जात या गोळीला फारशी दाद देत नाही. माझ्यात ती नव्हती. कुठलीच नव्हती.

मग कान साफ करायची काडी घेतली. म्हणाल्या, “हे घड्याळ समजा. मी एकेका आकड्यावर टेकवणार, दुखणं शून्य ते दहा सांगायचं.” बाराला शून्य. तीनला दोन. पाचला काडी टेकली, नुसती टेकली, आणि मी टेबलावरून उडाले. सातला परत. बाकी कुठेही नाही, आत तर मुळीच नाही. दुखत होतं उंबऱ्यावर आणि तीन वर्षं आम्ही औषध ठेवत होतो माजघरात.

नाव व्हल्व्होडायनिया. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं बाहेरच्या भागाचं दुखणं, ज्याचं दुसरं उघड कारण सापडत नाही. तुम्ही म्हणाल, हे नाव म्हणजे ‘माहीत नाही’चंच लॅटिन. थोडं तसं आहे. पण त्याला उपचार आहेत, ‘मन रमवा’ला नाहीत. माझ्यात बहुतेक पहिल्या इन्फेक्शननंतर, आणि वर ओतलेल्या त्या सगळ्या रसायनांमुळे, तिथल्या नसा चिडून बसल्या होत्या, आणि दुखेल या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले. मी यूट्यूब पाहून केगलचे व्यायाम करत होते, म्हणजे आवळलेल्याला आणखी आवळत होते.

उपचार: साबण, मलम, अँटिसेप्टिक, सुगंधी पॅड, सगळं बंद. साधं पाणी. वरून लावायला लिग्नोकेन, जागा बधिर करणारं. पुण्याला महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट, जिने स्नायू सोडायला शिकवलं. त्यासाठी आधी श्वास कुठे अडकतो ते शोधावं लागतं, आणि तो माझा प्रत्येक वेळी स्कूटरची किल्ली फिरवताना अडकायचा. आणि रात्री अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅमपासून. मेडिकलवाला डोळे बारीक करून म्हणाला, “ही डिप्रेशनची आहे, माहितीय ना?” भाऊजींनाही हेच हवं होतं: “बघा वहिनी, शेवटी मनाचीच गोळी लागली.” अहो भाऊजी, मधुमेहाने नसा चिडून तुमच्या पेशंटच्या पायांची आग होते, तिच्यावर तुम्हीच हीच गोळी लिहिता. त्यांचे पाय मनात असतात का?

वहीत पहिला ‘शून्य’ चौथ्या महिन्यात आला. आज साठ-सत्तर टक्के बरी आहे. तासभर सलग बसते, जीन्स अजून नाही.

आता ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. टेस्ट कुठली राहिली? माझ्या मते ‘बघणं’ राहिलं असेल. तिथे पांढुरके, चकचकीत चट्टे आहेत का, हे कुणी पाहिलं का? माझ्या मावशीला साठीनंतर खाज होती, चार वर्षं बुरशीची औषधं घेतली, निघालं लायकेन स्क्लेरोसस, कातडीचा एक जुनाट आजार. तुकडा काढून तपासलं तेव्हा नक्की झालं. तिला मी मघाशी शिव्या घातलेलं तेच क्लोबेटासोल दिलंय, मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि तेच तिचं औषध आहे. तिला नियमित दाखवायला जावं लागतं, कारण त्यात पुढे कॅन्सरचा थोडा धोका असतो. पाळी जायला आली असेल तर कोरडेपणाचंही विचारा, त्यावर इस्ट्रोजेनचं मलम असतं. माझं होतं ते तुमचं असेलच असं नाही. आणि मधे रक्त दिसलं, फोड आले, वास यायला लागला, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असलं, तर माझी कहाणी बाजूला ठेवून आजच डॉक्टर गाठा.

हो, आणि तुम्हाला शुगरची गोळी चालू आहे का? विचारते, कारण दोन वर्षांपूर्वी एका रात्री मी मटकी निवडत होते, तेव्हा सासूबाई येऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, तुझ्या त्या वहीत माझं पण लिही.”

चार महिने त्यांना खाज होती. दोनदा अँटिसेप्टिकने धूत होत्या. मी औषधांची पिशवी ओतली आणि तारखा लिहिल्या. नवी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, आणि खाज, यांत एकोणीस दिवसांचं अंतर. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. साखर जिथून जाते तिथे बुरशीला जेवण. हे पाकिटातल्या कागदावरच छापलेलं असतं. गोळी वाईट नाही, हृदयाला, किडनीला चांगली आहे, मनाने बंद करायची नाही. पण सुरू करताना सांगायला हवं. सुरू केली होती भाऊजींनी, आणि स्वतःच्या आईला हे कसं सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं.

वहीच्या त्या पानाचा फोटो काढून मी त्यांना पाठवला, खाली काही लिहिलं नाही. वीस मिनिटांनी फोन आला. “वहिनी, गोळी बदलतो. आईला तेवढं तुम्ही सांगाल का?”