दाराबाहेरच्या चपला

देहविक्री करणाऱ्या बायकांसाठीच्या एका प्रकल्पात मी काम करते. कॉलवर, म्हणजे मोबाईलवर ठरवून गिऱ्हाइकाकडं जाणाऱ्या बायका माझ्यासमोर बसल्या की दोन-तीन भेटींनंतर एक प्रश्न हमखास येतो. “मॅडम, दार लागल्यावर आत काही झालं तर?” लॉजवर पोलिसांच्या रेडची भीती, ओळखीचं कुणी दिसायची भीती, म्हणून मोबाईलवर काम घेणाऱ्या बऱ्याच जणी गिऱ्हाइकाच्या घरी जातात. लॉजमध्ये निदान काउंटरवर पोरगा तरी बसलेला असतो. फ्लॅटमध्ये तोही नाही.

रेखाचं सांगते. नाव बदललंय, बाकीच्या खुणाही थोड्या हलवल्यात. वय चौतीस. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, दिवसा युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई, पीसवर पैसे. आठवड्याला दोन-तीन कॉल. घरी सांगितलेलं, केटरिंगच्या कामाला जाते. मुलगी नववीत.

ती पहिल्यांदा आली तेव्हा त्या रात्रीला पाच दिवस झाले होते. होटगी रोडकडचा फ्लॅट, “एकटाच आहे” म्हणणारं गिऱ्हाईक, आणि आतल्या खोलीतून निघालेले आणखी दोघं. कडी लावली, मोबाईल काढून घेतला. रात्री दीडला सोडलं. तिनं एवढंच सांगितलं, आणि मी त्यापुढं विचारलं नाही.

पाच दिवस. एचआयव्हीची लागण टळावी म्हणून देतात ती औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढं २८ दिवस घ्यायची असतात. ती वेळ निघून गेली होती. “सिव्हिलला का नाही गेलात?” मी विचारलं. “केसपेपर काढताना काय झालं म्हणून सांगू?” ती म्हणाली. तिला वाटत होतं, आधी पोलीस, मग डॉक्टर, आणि पोलीस आले की तीच आत.

तसं नाही. अत्याचार झालेल्या बाईवर सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्यानं लगेच आणि फुकट उपचार करायचे, असा कायदा आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, हे मात्र मी लपवत नाही. पण जबाब द्यायचा की नाही हे बाईनं ठरवायचं; तिनं नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. एकट्या बाईनं स्वखुशीनं, चार भिंतींच्या आत हे काम करणं देहव्यापाराविरुद्धच्या १९५६ च्या कायद्यात गुन्हा नाही. कुंटणखाना, दलाली, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत, आणि देऊळ, शाळा, दवाखाना यांच्या २०० मीटरच्या आत असेल तर घरातलं हे कामही. सोलापुरात देवळापासून २०० मीटर लांबचं घर शोधायचं म्हणजे कठीणच, ते सोडा. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अशा बाईवर अत्याचार झाला तर इतर कुणाही पीडितेसारखीच सगळी मदत, लगेच उपचारांसकट, तिला द्यायची आणि पोलिसांनी तिला सन्मानानं वागवायचं. कागदावर आहे तसं प्रत्येक टेबलावर घडतं असं मी म्हणणार नाही. म्हणून कुणाला जायचं असेल तर मी सोबत जाते. रेखाला तक्रार द्यायची नव्हती. नाही दिली. तपासण्या केल्या, तीन महिन्यांनी पुन्हा केल्या, निगेटिव्ह आल्या.

पण मी एक चूक केली. दुसऱ्या भेटीत आमचा छापील कागद तिच्या हातात दिला, काय करावं, काय करू नये. तिनं तो वाचला, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवला. “हे सगळं येतं मला. पैसे आधी, दारू नाही, निरोध आपले. कुठं चालले ते सांगू कुणाला, ते यात कुठं लिहिलंय?”

खरंच नव्हतं लिहिलेलं. घरी चोरून, शेजारी चोरून, कारखान्यात चोरून. त्या रात्री ती कुठल्या रस्त्याला आहे हे अख्ख्या शहरात फक्त तिला कोंडणाऱ्यांना माहीत होतं. मग आम्ही कागद बाजूला ठेवला आणि माणूस शोधायला लागलो. आमच्या प्रकल्पात पीअर म्हणून, म्हणजे अशाच बायकांना साथ द्यायचं काम करणाऱ्या एक ताई आहेत, पूर्वी त्याच कामातल्या. त्या तयार झाल्या.

ठरलं ते असं. निघताना ताईंना पत्ता, गिऱ्हाइकाचा नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन, एक तासाचं नको, आठ तासांचं. पोचल्यावर गिऱ्हाइकासमोरच मोठ्यानं फोन: “हां, पोचले, दुसरा मजला, अकराला घ्यायला या.” हे ताईंपेक्षा त्यालाच ऐकवायचं. मधे ताईंचा फोन आला आणि ती “मुलीला औषध दिलं का?” म्हणाली तर सगळं ठीक. “दूध तापवलं का?” म्हणाली किंवा दोनदा फोन उचललाच नाही, तर ताईंनी पोलिसांचा ११२ लावायचा. काय सांगायचं तेही ताईंकडून म्हणवून घेतलं: “या पत्त्यावर एका बाईला कोंडून ठेवलंय.” ती बाई काय काम करते हे सांगायची गरजच नाही. रेखाच्या खांद्यावरचं अर्धं ओझं त्या एका वाक्यानं उतरलं.

बाकीचं तिनंच मला शिकवलं. यूपीआयनं पैसे घेतले की बँकेतलं खरं नाव समोरच्याला दिसतं; आता रोखच घेते. पट्ट्याच्या सँडल सोडून सरकवायच्या चपला घेतल्या, अडकवत बसायला नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात कुणी पाणी पुढं केलं तर नाही म्हणणं उद्धट दिसतं, म्हणून स्वतःची बाटली हातातच ठेवते, दारातच दोन घोट पिते. आणि बेल वाजवायच्या आधी दाराबाहेरच्या चपला मोजते.

मला हे फार आवडलं, मी दुसऱ्या दोघी-तिघींनाही सांगितलं. तर तीच हसली. “नव्या बिल्डिंगीत चपला कपाटात असतात ओ मॅडम.” म्हणून आता ती आधी गिऱ्हाइकालाच खाली बोलावते, बिल्डिंग सापडत नाही म्हणून. वॉचमनसमोर त्याचं तोंड बघते, प्यायलाय का, मागं कुणी आहे का. खाली यायला नाही म्हणाला तर तिथूनच परत.

मागच्या महिन्यात रात्री नऊला तिचा फोन आला. आवाजात धाप, मागं रिक्षाचा आवाज. जुळे सोलापुरातला फ्लॅट. माणूस खाली आला होता, बोलायला बरा होता, वर गेली तर दारात चार जोड. “फोन आलाय म्हटलं आणि जिना उतरले.”

“बरं केलंत.”

“बरं काय? जाऊन-येऊन दीडशे रुपये रिक्षाला गेले.” मग जरा थांबून, “ताईंना दूध तापवायचं म्हणायची वेळच आली नाही. त्या बिचाऱ्या फोन हातात घेऊन बसल्यात, त्यांना आधी सांगते,” म्हणाली आणि फोन ठेवला.